गांवचें पाणी आणि सरकारी पैसा

पाणी देवाघरचें, तें फुकट मिळतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पाऊस कोणाकडे दाम मागत नाहीं आणि झरा कोणाची सही घेत नाहीं, हें खरें. परंतु घरच्या हंड्यांतील पाण्याचा जमाखर्च कोणी बारकाईनें मांडूं लागला, तर जमेच्या बाजूस एकट्या पावसाचें नांव लिहून त्याला थांबतां येणार नाहीं. धरणाचे दगड कोणीं बसविले, कालवा कोणीं खोदला, गाळ कोणीं काढला, आणि वरच्या वस्तीनें त्या पाण्यांत काय सोडलें, या सर्वांची नोंद त्याला करावी लागेल. अशी नोंद केल्यास असें आढळून येतें कीं, आपल्या तालुक्यांतील पाण्याचा इतिहास हा बव्हंशीं सार्वजनिक पैशाचाच इतिहास आहे. तो पैसा कोठून येतो, पाणी शुद्ध राखण्यासाठीं तो कोणीं द्यावा, आणि एखाद्या गांवानें तो मागावा कसा, या तीन प्रश्नांचा विचार पाटस गांवाचें उदाहरण घेऊन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ‘पाणलोट’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊं. ज्या भूभागावर पडलेलें पावसाचें पाणी वाहत येऊन एकाच ओढ्यास अथवा नदीस मिळतें, तो सर्व भूभाग त्या ओढ्याचा वा नदीचा पाणलोट होय. शेताचा बांध, गांवची शीव, तालुक्याची हद्द, यांपैकीं कोणतीच सीमा पाणलोट मानीत नाहीं. तो उतार तेवढा ओळखतो. पाटस हें पुणें-सोलापूर रस्त्यावर, पुण्याच्या पूर्वेस सुमारें ६० किलोमीटरांवर वसलेलें आहे. दक्षिणेस रोटी घाटाकडील माळ आणि उत्तरेस भीमा नदी. माळावर पडलेलें पाणी ओढ्याओढ्यांनीं उत्तरेकडे उतरतें. हा झाला गांवचा लहान पाणलोट. परंतु गांव एका मोठ्या पाणलोटांतहि बसलेलें आहे. सह्याद्रीच्या बाजूनें येणाऱ्या मुळा व मुठा या नद्या पुण्यांत एकत्र होतात. मुळामुठा पुढें शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सीमेवर रांजणगांव सांडसजवळ भीमेस मिळते. भीमा दौंड शहरावरून उजनीच्या जलाशयांत शिरते, पंढरपुरास चंद्रभागा म्हणविली जाते, आणि अखेर रायचूरच्या बाजूस कृष्णेंत मिसळून बंगालच्या उपसागराकडे जाते.

तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षीं वरवंड व पाटसवरून रोटी घाट चढून पंढरपुरास जाते. वारकरी ज्या क्षेत्रीं पायीं चालत जातात, त्याच क्षेत्रीं वरच्या सर्व गांवांचें आणि शहरांचें सांडपाणीहि नदीवाटें जात असतें. समुद्र आपल्यापासून दूर आहे, तेव्हां किनाऱ्याच्या पाण्याशीं आपला काय संबंध, असें म्हणणें म्हणूनच योग्य नव्हे. कृष्णेच्या मुखाशीं जाळें टाकणाऱ्या कोळ्याचें पाणी कांहीं अंशीं पुण्यांत आणि दौंडांतहि ठरत असतें.

आतां पैशाचा इतिहास पाहूं. पुणें शहर व लष्कर यांस पिण्याचें पाणी मिळावें आणि पूर्वेकडील अवर्षणग्रस्त प्रदेशास शेतीचें पाणी मिळावें, या दुहेरी हेतूनें मुठा नदीवर खडकवासला येथें १८६९ ते १८७९ या काळांत धरण बांधण्यांत आलें. या योजनेशीं फाइफ या इंजिनियराचें नांव निगडित आहे. त्यावरूनच जलाशयास ‘फाइफ सरोवर’ म्हणत. धरणाचें काम चालूं असतांनाच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. त्या काळांत दुष्काळी कामें म्हणून ठिकठिकाणीं माती उचलली गेली, आणि मुठा उजव्या कालव्यावर भीमथडींत माटोबा तलाव तयार झाला. वरवंडचा व्हिक्टोरिया तलावहि याच टापूंतला. पोटासाठीं कामावर आलेल्या स्त्रीपुरुषांनीं डोक्यावरून वाहिलेल्या मातीवर या टापूची पुढील शेती उभी राहिली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून खडकवासल्याचेंहि धरण वाहून गेलें. तें पुन्हां बांधण्यांत आलें, आणि २०२ किलोमीटर लांबीचा नवा मुठा उजवा कालवा दौंडवरून इंदापुरापर्यंत नेण्यांत आला. यांतील कोणतेंहि काम एखाद्या गांवानें आपल्या वर्गणींतून केलेलें नाहीं, आणि तें तसें होण्यासारखेंहि नव्हतें. जें काम अनेकांच्या उपयोगाचें, परंतु एकाच्या ऐपतीबाहेरचें, तें सर्वांच्या तिजोरींतून व्हावें, हा सार्वजनिक द्रव्याचा मूळ न्याय होय.

परंतु पाणी आणून देणें आणि पाणी शुद्ध राखणें, हीं दोन भिन्न कामें आहेत. पहिल्यासाठीं पैसा लवकर मिळतो. धरण सर्वांस दिसतें. दुसऱ्यासाठीं तो फार उशिरा मिळतो. कारण गटार जमिनीखालीं असतें आणि त्याचा परिणाम वाहून दुसऱ्याच्या गांवीं जातो. पुण्याची वस्ती वाढली तसें धरणाच्या पाण्यांतील शहराचा वाटा वाढला, आणि त्या प्रमाणांत सांडपाणीहि वाढलें. केंद्र सरकारनें मुळामुठेच्या शुद्धीकरणाची जी योजना राष्ट्रीय नदी संवर्धनाखालीं मंजूर केली, तींत शहराचें सांडपाणी दररोज ७४४ दशलक्ष लिटर धरलें होतें, तर शुद्धीकरण केंद्रांची शक्ति ४७७ दशलक्ष लिटरच होती. विद्यार्थ्यांनीं येथें वजाबाकी करावी. उरतात २६७ दशलक्ष लिटर. वर्षाच्या ३६५ दिवसांनीं गुणिल्यास ही राशि सुमारें ९,७४५ कोटि लिटर होते. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, हें माप सुमारें २,८३२ कोटि लिटरांचें आहे. म्हणजे हें पाणी जवळजवळ साडेतीन टीएमसी झालें. खडकवासला धरणाचा उपयुक्त सांठा सुमारें दोन टीएमसी आहे. तेव्हां त्या हिशेबाप्रमाणें एका वर्षांत पावणेदोन खडकवासले भरतील एवढें कच्चें सांडपाणी नदीवाटें आपल्याकडे येण्याजोगें होतें.

नदीखेरीज त्याला दुसरीहि वाट आहे. जुना मुठा कालवा, ज्यास लोक ‘बेबी कालवा’ म्हणतात, हवेलींतून दौंड तालुक्यांत येतो. शहरानें वाढीव पाणी घ्यावें आणि त्याच्या बदल्यांत शुद्ध केलेलें साडेसहा टीएमसी पाणी शेतीसाठीं परत द्यावें, अशी योजना होऊन मुंढवा येथून नदीचें पाणी उचलून या कालव्यांत सोडण्यांत येऊं लागलें. कल्पना शहाणपणाची आहे, कारण वापरलेलें पाणी वायां जाऊं नये. परंतु तिचें सर्व पुण्य ‘शुद्ध केलेलें’ या दोन शब्दांवर अवलंबून आहे. ते दोन शब्द जेथें खोटे पडतात, तेथें शेतकऱ्यास पाणी मिळतें आणि त्याची विहीर मात्र नासते. कालव्याच्या पाण्याला दुर्गंधि व फेंस येत असल्याची तक्रार या भागांतील शेतकऱ्यांनीं वारंवार केलेली आहे.

घाण पाण्यानें नक्की काय होतें, हें शास्त्रीय दृष्टीनें समजणें जरूर आहे. स्वच्छ पाण्याच्या एका लिटरांत आपल्याकडील उष्ण हवेंत सुमारें आठ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असतो. मासे आणि इतर जलचर त्यावरच जगतात. मैल्यांतील सेंद्रिय द्रव्य कुजविणारे सूक्ष्म जंतुहि तोच प्राणवायु खातात. त्यांना किती प्राणवायु लागेल, या मापास ‘जैविक प्राणवायूची मागणी’ म्हणतात. स्नानयोग्य नदींत ती लिटरमागें तीन मिलिग्रॅमच्या वर नसावी असें आपल्या देशाचें प्रमाण आहे. कच्च्या सांडपाण्यांत ती साधारणपणें दोनशेंच्या घरांत असते. खजिन्यांत आठ आणि मागणी दोनशें, अशी स्थिति झाल्यावर नदी गुदमरते. शिवाय सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद हें जलपर्णीचें खतच होय. नदी हिरवीगार दिसते तेव्हां ती निरोगी आहे असें समजूं नये. तेंच नत्र जमिनींत मुरून विहिरींत नायट्रेटच्या रूपानें उतरतें. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असें भारतीय मानक आहे. कारण त्याच्या अतिरेकानें तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते. नायट्रेटला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. पाणी उकळल्यानेंहि तें जात नाहीं, उलट आटून अधिक दाट होतें. जी आई काळजीनें पाणी उकळून बाळास पाजते, तिची काळजी येथें व्यर्थ जाते. या प्रश्नाचें गांभीर्य आम्हांस येथें सर्वांत अधिक वाटतें.

तथापि सर्व दोष वरच्या शहरावर टाकून मोकळें होणें न्यायाचें नाहीं. ऊसाला मोकाट पाणी देणारा, पोत्यामागून पोतीं युरिया टाकणारा, आणि घरची मोरी ओढ्यांत सोडणारा शेतकरी आपल्याच गांवांतला असतो. त्याच्या शेतांतील नत्र आणि क्षार आपल्याच विहिरींत उतरतात, आणि आपल्याहि खालीं उजनी आहे. १९८० सालीं पूर्ण झालेल्या त्या धरणावर सोलापूर जिल्ह्याची तहान आणि इंदापूर-भिगवणकडील मासेमारी अवलंबून आहे. जें गाऱ्हाणें आपण पुण्याविषयीं सांगतों, तेंच गाऱ्हाणें सोलापूरकर आपल्याविषयीं सांगूं शकतात. म्हणून पैसा मागण्यास जाणाऱ्या गांवानें आपला वाटा आधीं मोजावा.

आतां दुसरा प्रश्न: पैसा कोणीं द्यावा? ज्यानें घाण केली त्यानें, हें उत्तर सर्वांच्या ओठांवर असतें, आणि तें बरोबरहि आहे. परंतु लक्षावधि घरांपैकीं कोणत्या घरानें किती, हें ठरवितां येत नसल्यामुळें तेथें कर आणि सार्वजनिक कर्ज यांवाचून इलाज चालत नाहीं. लंडन शहराचा दाखला प्रसिद्ध आहे. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीची दुर्गंधि इतकी वाढली कीं, पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे औषधी द्रावणांत भिजवावे लागले. मग मात्र कायदा त्वरित झाला. ३० लक्ष पौंड कर्ज काढण्यास परवानगी मिळाली, घरोघर पट्टी बसविण्यांत आली, आणि बॅझलजेट या इंजिनियरानें प्रचंड गटारें बांधलीं. या कथेचा पूर्वार्ध सर्वत्र सांगितला जातो; उत्तरार्ध आम्हांस अधिक उपयोगी आहे. त्या गटारांनीं घाण शुद्ध केली नाहीं, ती शहराच्या खालच्या बाजूस नेऊन नदींत ओतली. ३ सप्टेंबर १८७८ रोजीं त्याच भागांत ‘प्रिन्सेस अॅलिस’ नांवाची आगबोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें त्या पाण्यांत मेलीं. त्यानंतर शुद्धीकरणाचा विचार जोरानें सुरू झाला. पाटस हें पुण्याच्या खालच्या बाजूस आहे, हें ध्यानांत ठेवून हा धडा वाचावा. आपल्या शहराची घाण पुढें ढकलण्यास पैसा मिळाला म्हणजे नदी स्वच्छ झाली, असें होत नाहीं.

याच्या उलट दाखला न्यूयॉर्कचा. त्या शहराचें पाणी कॅट्स्किल डोंगरांतून येतें. १९९७ सालीं शहर आणि डोंगराळ भागांतील गांवें यांच्यांत करार झाला. पाणी गाळण्याचा अवाढव्य कारखाना बांधण्यापेक्षां वरच्या गांवांच्या गोठ्यांसाठीं, मोऱ्यांसाठीं आणि जंगलासाठीं शहरानेंच पैसा द्यावा, हें स्वस्त पडेल, असें ठरलें. म्हणजे लाभ घेणारानें रक्षण करणारास मोबदला द्यावा, हें दुसरें तत्त्व झालें.

आपल्या मुळामुठेच्या योजनेंत तिसराच मार्ग स्वीकारला गेला. १३ जानेवारी २०१६ रोजीं जपानच्या जायका या संस्थेशीं कर्जाचा करार झाला. एकंदर खर्च ९९०.२६ कोटि रुपये; पैकीं ८४१.७२ कोटि केंद्र सरकारनें आणि १४८.५४ कोटि पुणें महानगरपालिकेनें द्यावयाचे. ११ शुद्धीकरण केंद्रें आणि त्यांची शक्ति रोज ३९६ दशलक्ष लिटर. प्रत्यक्ष भूमिपूजन मात्र ६ मार्च २०२२ रोजीं झालें, आणि त्या वेळीं सरकारी पत्रकांत खर्च १,४७० कोटींहून अधिक सांगण्यांत आला. दोन आकड्यांतील प्रत्येक रुपया विलंबाचाच, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मध्यंतरींचीं सहा वर्षें नदी कांहीं थांबून राहिली नव्हती. मंजुरी म्हणजे काम नव्हे, आणि काम म्हणजे शुद्ध पाणी नव्हे, हें येथें शिकावयाचें.

तिसरा प्रश्न गांवाचा. गांवानें हात जोडून बसावें काय? तसें मुळींच नाहीं. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे सोंपवावयाच्या विषयांत पाणलोटविकास, पिण्याचें पाणी आणि स्वच्छता हे विषय नमूद केलेले आहेत. १५ व्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या काळांत पंचायतींच्या अनुदानापैकीं ६० टक्के पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधून दिले होते. त्याच काळासाठीं केंद्राच्या पाणलोट योजनेंत सपाट प्रदेशास हेक्टरीं २२,००० रुपये हें मान ठरलें होतें; म्हणजे ५०० हेक्टरांच्या माळास एक कोटि दहा लक्ष. जुन्या तलावांतील गाळ काढून शेतांत नेण्याची राज्याची योजना २०१७ मध्यें निघाली. योजनांचीं नांवें बदलतात, मुदती संपतात. परंतु मागणारानें पुढें ठेवावयाच्या गोष्टी फारशा बदलत नाहींत. त्या आमच्या मतें पांच आहेत.

पहिली, माप. ‘पाणी फार घाण झालें आहे’ हें वाक्य अर्जांत निरुपयोगी होय. कोणती विहीर, कोणता महिना, नायट्रेट किती, जंतु आढळले कीं नाहींत, असें लिहावें. २०१९ च्या जलजीवन मिशनांत प्रत्येक गांवीं पांच स्त्रियांस पाणी तपासण्याचें शिक्षण द्यावें, असें ठरलें. त्यांची वही हाच गांवचा पहिला पुरावा. दुसरी, नकाशा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कोठून येतें, समतल चर कोठें, नालाबांध कोठें, मोरी कोठें मिळते, हें कागदावर दिसलें पाहिजे. तिसरी, खर्चाचा अंदाज, जो इंजिनियरानें तपासलेला असावा. चौथी, स्वतःचा वाटा. पांचवी, देखभाल: काम पुरें झाल्यावर पंपाचें वीजबिल कोण भरणार आणि गाळ कोण काढणार, हें आधींच लिहिलेलें असावें. शुद्धीकरणाचें यंत्र विजेअभावीं बंद राहिलें, तर तें असून नसून सारखेंच.

चौथ्या गोष्टीचें उत्तम उदाहरण शेजारच्या पुरंदर तालुक्यांत घडलें. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें माळरान घेऊन १९७४ पासून पाणलोटाचे प्रयोग केले आणि त्यांतून पाणीपंचायत निघाली. पाणी जमिनीच्या मानानें न देतां माणसांच्या संख्येवर द्यावें, ऊस लावूं नये, आणि खर्चाचा पांचवा हिस्सा शेतकऱ्यांनीं प्रथम रोख भरावा, असा तिचा दंडक होता. मग सरकारी अनुदान व बिनव्याजी कर्ज यांनीं बाकीचा खर्च भागे. नगर जिल्ह्यांतील राळेगणसिद्धि आणि हिवरे बाजार यांनींहि असेच कडक नियम पाळले. फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंनीं पुढाकार घेतलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत जर्मन सरकारचा पैसा नाबार्डमार्फत गांवांस मिळे, परंतु त्याआधीं गांवानें श्रमदान करून दाखवावें, आणि चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, अशी अट असे. ज्या गांवानें स्वतः घाम गाळला, तें गांव बांधाची डागडुजीहि करतें. बाहेरच्या पैशानें बांधलेला आणि कोणाचाच नसलेला बांध मात्र दोनचार पावसाळ्यांत गाळानें भरून जातो, हें खेडोपाडीं पाहावयास मिळतें.

एक अडचण मात्र उरते. गांवानें आपला माळ सुधारला, मोऱ्या बंद केल्या, विहिरी तपासल्या, तरी वरून येणारें कालव्याचें पाणी त्याच्या हातीं नसतें. येथें एकट्या गांवाचा अर्ज पुरा पडत नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२२ च्या अहवालांत देशांतील ३११ प्रदूषित नदीपट्टे दाखविले, त्यांपैकीं ५५ महाराष्ट्रांत होते, आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. पट्टा एका गांवाचा नसतो. हवेली, शिरूर, दौंड, इंदापूर आणि त्यांच्याहि खालच्या गांवांनीं एकाच दिवशीं, एकाच रीतीनें पाणी मोजून तीं मापें एकत्र मांडलीं, तर तो पट्टाच बोलूं लागेल. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानें स्थापन झालेल्या मंडळापुढें किंवा हरित न्यायाधिकरणापुढें तक्रारीपेक्षां मापांची ही वही अधिक वजनदार ठरेल. मागणी करावयाची तीहि ‘आमच्या गांवास अमुक इतका पैसा द्या’ एवढीच न करतां, ‘शुद्धीकरण केंद्रांत किती पाणी गेलें आणि त्यांतून कसें बाहेर पडलें, याचे आंकडे दरमहा खालच्या गांवांस कळवा’ अशीहि करावी. या दुसऱ्या मागणीस खर्च अत्यल्प लागतो, आणि पहिल्या मागणीचा पैसा योग्य जागीं पडला कीं नाहीं हें तिच्यावरूनच कळतें.

सरकारी पैसा म्हणजे कोणा परक्याचा पैसा, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. त्यामुळें तो मिळाला तर कृपा वाटते आणि वायां गेला तर हळहळ वाटत नाहीं. वस्तुतः काडीपेटीपासून युरियाच्या पोत्यापर्यंत जें जें आपण विकत घेतों, त्यांतून तो थोडाथोडा आपणच भरीत असतों. तो मागणें ही याचना नव्हे, आणि त्याचा हिशेब विचारणें हा उद्धटपणा नव्हे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे दौंड-शिरूरकडील गांवांतून येतात, त्यांनीं येत्या सुटींत आपल्या घरच्या विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि तपासणीचा निकाल एका वहींत लिहावा, आणि पावसाळ्यानंतर पुन्हां लिहावा. पुढें गांवचा अर्ज लिहिण्याची वेळ येईल तेव्हां हीच वही उघडावी लागणार आहे.